बिगरतिकिटाचा खलाशी

नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना एकच काळजी होती, त्यांच्या आवाजाची. गगनबावड्याच्या वाटेवर इंजिनाच्या घरघरीवर मात करून मागच्या लांब सीटपर्यंत पोचणारा तो आवाज दोन खोल्यांत मावणार कसा? तोडगा सूनबाईंनी काढला. "मामा, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये शाळेच्या सहली येत्यात. पोरांना फिरवून दाखवायला माणूस कमी पडतंय म्हणं. तुम्ही जावा की सकाळचं. पगार न्हाई, पण पोरं ऐकून तरी घेतील." त्यातला टोमणा नानांना कळला. तरी दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

इतिहास त्यांचा शाळेत झाला तेवढाच. पण कोल्हापुरात इतिहासाचं कुणाला वावडं नसतं, आणि उभा जन्म अनोळखी गर्दीला पुढं सरकवण्यात गेलेल्या माणसाला पाचवीच्या वर्गाची भीती कसली. कार्यालयातून होकार मिळाला. शनिवारी एक निवृत्त प्राध्यापिका अशाच हौसेनं यायच्या, त्यांच्याबरोबर आधी फिरा, असं सांगण्यात आलं. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे.

बाई सगळं खरं सांगायच्या. ही इमारत 1872 ते 1876 या काळात उभी राहिली, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, शैली गॉथिक, पुढं न्यू पॅलेसही त्यांनीच आखला. त्या उंच निमुळत्या छपरांकडं बघून एखादं पोरगं हमखास विचारायचं, "हे चर्च हाय काय?" बाई "नाही" म्हणायच्या आणि पुढच्या सालाकडं वळायच्या. त्या कधी चुकायच्या नाहीत आणि पोरं कधी ऐकायची नाहीत. पोरांचाही दोष नाही. पहाटे चारला उठून, एसटीत एकदा-दोनदा ओकून, अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेली ती पोरं; अजून रंकाळा आणि पन्हाळा व्हायचा असतो. त्यांना तलवारी बघायच्या असतात. बाकी सगळी तलवारींच्या वाटेतली अडचण.

या अडचणींतली सगळ्यात मोलाची वस्तू फार लहान आहे. कांस्याची मूर्ती, वीतभरही नाही. उघड्या अंगाचा पुरुष, एक हात वर उचललेला. त्या हातातलं आयुध कधीच हरवलंय. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. त्याची घडण लिसिपस या विख्यात ग्रीक शिल्पकाराच्या परंपरेतली सांगतात. सापडला मात्र कोल्हापुरातच, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. 1944 च्या सुमारास राजाराम कॉलेजातले प्रा. कुंदणगार यांना तिथं धातूच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. रोमन धाटणीची भांडी, आरसा, हत्तीवर बसलेल्या माणसांची एक देखणी छोटी मूर्ती आणि हा देव. मग 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित आले आणि त्यांनी टेकाड रीतसर, थराथरानं खणलं. वर बहमनी काळ, त्याखाली शिलाहार, त्याच्याही खाली सातवाहनांच्या काळातली विटांची घरं. समुद्र तिथून घाट उतरून शंभराहून जास्त किलोमीटर. समुद्राचा देव डोंगराच्या या बाजूला करतोय काय, हा प्रश्न कुणालाही पडावा.

पण पोरांना पडायचा नाही. मूर्तीच्या अंगावर कपडा नाही, तेवढं एकाला दिसायचं. तो दुसऱ्याला कोपरानं ढोसायचा, अख्खी रांग खुसुखुसु हसायला लागायची आणि सहलीबरोबरचे गुरुजी "चला, चला पुढं" करत जवळपास दोन हजार वर्षांच्या त्या देवापुढून पोरं हाकून न्यायचे. बाईंचं वाक्य अर्धं राहायचं. त्या ते हवेतच पूर्ण करायच्या.

नानांना ते बघवेना.

एका शनिवारी बाई आल्या नाहीत आणि भुदरगडाकडच्या एका शाळेची पोरं एकट्या नानांच्या ताब्यात आली. काचेपुढं नेहमीची ढोसाढोशी सुरू झाली. नानांनी आवाज लावला. "हसू नगा. ह्यो देव एका खलाशाचा हाय. त्या खलाशाची गोष्ट ऐकायची का?"

गोष्ट आधी कुठंच नव्हती. तोंड उघडलं तशी ती येत गेली. लई वर्षांमागं एक ग्रीक खलाशी व्हता. भर समुद्रात वादळ झालं, गलबत फुटलं, सगळी बुडाली. ह्यो एकटा फळकुटाला धरून कोकणच्या किनाऱ्याला लागला. कमरेला बांधलेला हा देव तेवढा वाचला. वाघ-अस्वलांतनं वाट काढत गडी घाट चढला आन् पंचगंगेच्या काठाला येऊन पडला. तिथं एक कुंभाराची पोरगी पाण्याला आलेली. तिनं त्याला पाणी पाजलं, भाकरी दिली, वर ठेचा दिला. ठेचा खाऊन खलाशी रडाय लागला. (इथं पोरं खदखदून हसली, आणि नानांना कळलं की गाडी आता चालली.) पोरीला वाटलं, घरच्या आठवणीनं रडतोय. तिला त्याची दया आली. पुढं त्यांचं लगीन झालं. खलाशी चाकावर मडकी करायला शिकला, पण रोज सांजच्याला हा देव घेऊन नदीवर जायचा आन् ही नदी कुठल्या समुद्राला मिळती, म्हणून विचारायचा. मरताना म्हणाला, माझा देव माझ्या घरात पुरा.

शेवटी कुणी हसत नव्हतं. पोरं काचेला नाकं लावून मूर्तीकडं बघत होती. एका मुलीनं ओढणीनं डोळे पुसले. गुरुजींनी नानांचा हात हातात घेऊन सांगितलं की इतकं सुंदर त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाईंनी ती गोष्ट ऐकली. पोरं गेल्यावर त्यांनी विचारलं, "नाना, हे कुठून आणलंत?"

"सुचलं."

"मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. तुमच्या खलाशाला ठेचा मिळायला अजून दीड हजार वर्षं होती."

"बरं, मग कांदा देतो."

"प्रश्न ठेच्याचा नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "यवन, म्हणजे तेव्हाचे ग्रीक, महाराष्ट्रात नव्हते असं मी म्हणत नाही. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख कोरलेले आहेत. ते इथं होते, दानधर्म करत होते. तुमचा खलाशी अशक्य नाही, हीच तर पंचाईत आहे. अशक्य असता तर पोरांनीच हसून सोडून दिला असता. पण तो होता, हे कुठं सापडलं?"

"बाई, रागावू नगा. तुमचं खरं असतंय, पण पोरं जांभया देत्यात. माझं खोटं हाय, पण धा मिंटं त्या देवाकडं टक लावून बघत्यात. आता सांगा, देवाला कोण पावलं?"

बाईंना उत्तर सुचलं नाही. नानांचा प्रश्न काही उडवून लावण्यासारखा नव्हताच. ज्या खऱ्याकडं कुणी बघतच नाही ते कुणासाठी जपायचं, असं कोणत्याही शिक्षकाला अधूनमधून वाटून जातं, आणि ज्याला वाटत नाही त्यानं बहुधा वर्गाकडं बघणं सोडलेलं असतं. थोड्या वेळानं बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गाडीत बिगरतिकिटाचा माणूस चालला असता का?"

"आजिबात न्हाई."

"मग?"

"ही गाडी न्हवं, बाई," नाना म्हणाले आणि चहाला गेले.

बाईंच्या मानापोटी त्यांनी ठेच्याचा कांदा केला. बाकी खलाशी तसाच राहिला. राहिला कसला, वाढला. त्याच्या बायकोला एक भाऊ आला. वादळ तीन दिवसांचं झालं. पोरांनी ती गोष्ट घरी नेली, वर्गात नेली. एका शाळेच्या हस्तलिखितात त्यावर निबंध आला. दुसऱ्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात कापसाची दाढी लावलेल्या खलाशानं टाळ्या घेतल्या. तिथं बसलेल्या कुणीतरी एका पुरवणीत लेख लिहिला. लेखक सावध होता, म्हणून त्यानं 'लोककथा सांगते की' असं लिहिलं. आता लोककथा म्हटलं की तिला वय लागत नाही आणि बापही लागत नाही. त्याच लेखात पुढं लिसिपसचं नाव होतं. लेख मोबाईलवरून गावोगाव फिरला, लोक पुढं पाठवताना त्यात आपलं थोडं घालत गेले, आणि एका पावसाळ्यात लिसिपस हा शिल्पकार न राहता खलाशी झाला. कोल्हापूरच्या पाण्यात नाव फार दिवस परकं राहत नाही. लिसिपसचा लिसाप्पा झाला.

नानांना याची काहीच कल्पना नव्हती. ती आली त्यानंतरच्या हंगामात, घाटाकडच्या एका गावातून आलेल्या तरुण गुरुजींच्या तोंडून. नानांची गोष्ट संपली तेव्हा गुरुजी जरा नाराज दिसले. "छान सांगितलंत, पण त्याचं नाव सांगायचं राहिलं की तुमचं."

"कुणाचं नाव?"

"लिसाप्पाचं! आमच्याच गावात त्याची समाधी आहे. घाट चढून आल्यावर पहिला मुक्काम त्यानं आमच्याकडं केला. आता आम्ही वर्गणी काढून चौथरा बांधलाय."

नानांना हसू आलं आणि मग आलं नाही. "गुरुजी, ती गोष्ट मी रचलेली हाय. हितंच, ह्या काचेपुढं."

गुरुजींनी त्यांच्याकडं समजूतदारपणे बघितलं, म्हाताऱ्या माणसांकडं बघतात तसं. मग मोबाईल काढून पुरवणीतल्या लेखाचा फोटो दाखवला. "नाना, छापून आलंय. लोककथा आहे ती. तुम्हीही लहानपणी कुठं तरी ऐकली असणार, विसरला असाल."

त्या रात्री नानांना झोप लागली नाही. पुढच्या रविवारी निवृत्तांच्या पासावर ते त्या गावाला गेले. समाधी शाळेच्या मागं होती. नवा सिमेंटचा चौथरा, स्टीलचं रेलिंग आणि मधोमध कमरेएवढा एक उभा दगड. दगडाला वरपासून खालपर्यंत निळा ऑइलपेंट दिलेला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'श्री लिसाप्पा'. समुद्राचा माणूस म्हणून निळा, असं रंगवणाऱ्यानं कौतुकानं सांगितलं.

नाना जवळ गेले आणि वाकले. टाऊन हॉलच्या आवारात असे दगड त्यांनी रोज बघितले होते. बाईंच्या मागं फिरताना दहादा ऐकलेलं, ऐकतोय असं न वाटता ऐकलेलं, सगळं आठवलं. हा वीरगळ. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत माणूस मेला कसा, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते असतील तोवर याचं नाव राहो म्हणून. पेंटाच्या जाड थरातून बोटांना तळाची चौकट लागली. शिंगं, पाठी, शेपट्या. गाईंची रांग. त्यांच्यापुढं हातात शस्त्र घेतलेला एक माणूस, पडता पडता कोरलेला. गावची गुरं वळवून न्यायला आलेल्यांना आडवा गेला आणि तिथंच पडला, असा कुणीतरी. त्याच्यासाठी गावानं दगड आणला, पाथरवटाला बसवलं, घडवून घेतला. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाऊनही तो पुसला नव्हता. तो पुसला एका डबा रंगानं.

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला नानांनी विचारलं, "बाबा, लिसाप्पाच्या आधी ह्या दगडाला काय म्हणायची माणसं?"

म्हातारा बराच वेळ आठवत राहिला. "काय तरी नाव व्हतं बघा. आमची आई बैलपोळ्याला न्यूद ठेवायची. गुरं सोडवताना गेला म्हणायची. नाव... न्हाई येत. आता सगळी लिसाप्पाच म्हणत्यात."

नानांनी गावच्या चार शहाण्या माणसांना बोलावून सगळं सांगितलं. ती गोष्ट आपण पोरांना रमवायला केली, ठेच्याचा कांदा कुणाच्या सांगण्यावरून केला, हेसुद्धा सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. एकानं लॅमिनेशन केलेलं कात्रण आणून दाखवलं. एक तरुण तर चिडलाच. "तुम्ही कोण सांगणार? तुमच्या जन्माआधीपास्नं हाय ही गोष्ट." नानांची त्या दिवसाची सगळ्यात मोठी मानहानी ही, की खोटं बोलल्याबद्दल त्यांना कुणी शिवीसुद्धा दिली नाही. त्यांचा त्या गोष्टीशी काही संबंध आहे, हेच कुणाला पटेना.

शनिवारी त्यांनी बाईंना गाठलं. "बाई, तुम्ही म्हणालेलासा ती गाडी हीच हाय. बिगरतिकिटाचा एकदा का सीटवर बसला, की तिकीटवाला उभाच ऱ्हातोय. आन् उतरूनच गेला म्हणायचा ह्यो तर. नावसुदीक न्हाई ऱ्हायलं."

बाई "मी म्हटलं होतं" असं म्हणाल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी वेगळंच विचारलं. "कोकणातून आपल्याकडं चढायचं तर वाटा किती?"

नाना चमकले. मग बोटांवर मोजायला लागले. करूळ आणि भुईबावडा, दोन्ही गगनबावड्याला निघतात. फोंडा राधानगरीकडं निघतो. आंबा रत्नागिरीकडनं येणाऱ्याला. अणुस्कुरा राजापूरच्या माणसाला जवळचा. कुठल्या घाटात धुकं किती वाजेपर्यंत बसतं, कुठं चढ खडा आणि कुठं वळण फसवं, पावसाळ्यात दरड कुठं येते, पूर्वी बैलांच्या पाठीवर माल चढायचा तेव्हाचे तळ कुठं होते म्हणून जुनी माणसं सांगायची. नाना बोलत राहिले आणि चहा दोनदा गार झाला.

"हे तुम्ही पोरांना का सांगत नाही?" बाईंनी विचारलं. "तो देव उडत आला नाही. यातल्याच कुठल्या तरी वाटेनं चढला असणार."

नानांकडं याला उत्तर नव्हतं. हा तर रोजचा रस्ता, यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटत आलं होतं.

मग बाईंनी त्यांना वारा शिकवला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून गलबतं जुलैच्या सुमारास सुटायची आणि नैर्ऋत्येचा वारा धरून पावसाळा ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागायची. परतीला तो वारा उलटायची वाट बघायची, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. पहिल्या शतकात त्या बाजूच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं या प्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे. स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, पण सोपारा, कल्याण, पैठण, तेर यांची नोंद आहे. नानांना त्या निनावी माणसाचं फार कौतुक वाटलं. कुठल्या थांब्यावर काय चढतं आणि काय उतरतं, हे सगळं त्यानं लिहिलेलं. "आमच्यातलाच कुणी दिसतोय," ते म्हणाले.

आता नाना काचेपुढं उभे राहिले की पहिल्यांदा विचारतात, "समुद्र कुठल्या अंगाला?" पोरं चारी दिशांना बोटं दाखवतात. त्यावर थोडा वेळ भांडण होतं. मग "कुठल्या घाटानं आणला असंल ह्याला?" गगनबावड्याची पोरं असली तर आमच्याच म्हणतात. राधानगरीची असली तर फोंडा सोडून दुसरा घाट माहीतच नसतो त्यांना. एकदा एका कुंभाराच्या पोरानं भांड्यांकडं बोट दाखवून सांगितलं, एवढी मोडकी-धडकी भांडी एका जागी म्हणजे मोडीतला माल असणार, घर तांबटाचं असणार. "असंल की," नाना म्हणाले, "कशावरनं?" पोरगं परत जाऊन भांडी निरखायला लागलं. हे 'कशावरनं' आता त्यांच्या तोंडात बसलंय. कोणी आणली मूर्ती? माहीत नाही. का आणली? माहीत नाही. विकायला, पुजायला, का नुसती आवडली म्हणून? सांगा तुम्ही, पण कशावरनं ते सांगा.

दर वेळी जमतं असं नाही. काही वर्ग बर्फासारखे थंड असतात. एक गुरुजी तर स्पष्टच म्हणाले की गेल्या वर्षीची गोष्ट चांगली होती, ती का बंद केली? आणि खलाशी अजून येतोच. दर दोन-तीन गटांमागं एखादं पोरगं हात वर करतं आणि विचारतं, लिसाप्पा कुठाय? नाना सांगतात, ती मी रचलेली गोष्ट. बहुतेक पोरं मान डोलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत.

परवा त्या घाटाकडच्या गावची शाळा परत आली. दोन वेण्यांची एक मुलगी रांग सोडून पुढं आली.

"आमच्या गावात लिसाप्पाची समाधी हाय."

"मी बघितलीया," नाना म्हणाले. "पण लिसाप्पा नव्हताच. ती गोष्ट माझी."

"म्हाईत हाय. माझ्या दादाला तुम्हीच सांगितलासा. तवा खोटं सांगितलासा?"

"व्हय."

"मग आता जे सांगतायसा ते कशावरनं खरं?"

"ए, मोठ्यांना असं विचारतात का?" गुरुजी पुढं सरसावले. नानांनी त्यांना हातानं थोपवलं आणि बाईंना हाक मारली. बाईंनी पिशवीतून डेक्कन कॉलेजचा 1952 सालचा ब्रह्मपुरीच्या उत्खननाचा अहवाल काढला आणि खणलेल्या चराचं चित्र उघडलं. थरावर थर, रेघा मारून दाखवलेले. मुलीनं बोट ठेवून ते खालपर्यंत बघितले.

"हे तर इंग्लिशमधी हाय. ह्यात काय बी लिवलेलं असंल."

बाई मोठ्यानं हसल्या. नानांनी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. मग त्या तिथंच फरशीवर बसल्या आणि एकेक शब्द लावून सांगायला लागल्या. मुलीनं पाच-सहा शब्द ऐकले, दोनदा अडवलं, आणि मग मान वर करून विचारलं, "मग आमच्या दगडातला त्यो कोण?"

"गुरं सोडवताना पडलेला माणूस," नाना म्हणाले. "शिंगं बोटाला लागत्यात, तू बी हात लावून बघ. नाव मात्र म्हाईत न्हाई. तुमच्यात सगळ्यात म्हातारं कोण हाय?"

"माझी पणजी. ती काय काय सांगती, मी कधी ऐकलो न्हाई."

"मग ह्या येळंला ऐक आन् वहीत लिवून घे. ती काय म्हणती ते लिव, कुणाकडनं ऐकलंय म्हणती ते बी लिव. मला पोस्टानं पाठीव."

"आन् तिला नाव येत नसलं तर?"

"तर नावाची जागा मोकळी सोड. आपल्या मनानं भरू नको."

मुलीनं मागं वळून गुरुजींकडं बघितलं, मग आवाज बारीक करून म्हणाली, "मोकळी जागा सोडली की आमचं सर मार्क कापत्यात."